रिकाम्या गोदामातली फळी

चिरलेल्या लाकडाचा वास आला की शारजातलं ते गोदाम आठवतं. इस्लामी बँकेत मी नवी होते; तिथे व्याजाने कर्ज देण्याऐवजी बँकेने माल आधी स्वतः विकत घेऊन ताब्यात घ्यायचा आणि मगच तो गिऱ्हाइकाला विकायचा, असा नियम. मी लाकूड न बघताच विक्रीच्या करारावर सही करून बसले होते. आम्हाला शिकवणारे रत्नागिरीचे साहेब मला गोदामात घेऊन गेले, तर तिथे भुसा आणि दोन-चार फळ्या. “माल कल आएगा, इन्शाल्ला. साइन तो हो गया ना?” तिथे आमची वाट बघत थांबलेला गिऱ्हाईक हसत म्हणाला. साहेबांनी करार टराटरा फाडला. “खलास. जो माल हमारा नहीं, वो बेचेंगे कैसे?” हाताशी आलेले पैसे गेले, त्यासरशी गिऱ्हाइकाने फळी उचलून त्यांच्या कपाळावर हाणली, ते पडले तरी पाठीत हाणत राहिला, हमालांनी त्याला ओढून धरलं तेव्हा साहेबांची दाढी रक्ताने भिजली होती. गाडीत मी रडत विचारलं, “चूक माझी, सर. माझी नोकरी जाणार ना?” कपाळावर रुमाल दाबत ते म्हणाले, “जातेस कुठं, बाय? पुढच्या बॅचला हे गोदाम तूच दाखवायचंस.” इतक्या वर्षांनी, परवा साहेब वारले. आज वर्गात एका मुलीने विचारलं, “मॅडम, माल बघायला जायलाच हवं का?” मी गाडीची किल्ली उचलली.