आधी हवा बंद

कडुबा मामांना कुणीही हाक मारली, की ते आधी मशीनच्या नळीचा कॉक फिरवून हवा बंद करायचे आणि मगच "राम राम" म्हणायचे. समोर खुद्द मॅनेजर का असेनात! वाळूजच्या आमच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे फिटर होते. गाव पिशोर, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. मी त्याच कन्नड तालुक्यातली म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला भाची करून टाकलं. "आपल्याकडची पोर हाय, हिला धड मशीन द्या," असं सुपरवायझरला बजावलंही.

हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरनं मी लोखंडी भागांच्या कडा घासायचे. एका सकाळी ट्रिगर सोडला तरी तो सूंऽऽ करत राहिला. दुपारी माल जायचा होता.

"थोडी हवा गळतीय, गळू द्या. सुट्टीत बघू," सुपरवायझर म्हणाले.

मामांनी कॉक बंद केला, ट्रिगर दाबून नळीत उरलेली हवा काढली आणि ग्राइंडर माझ्याकडून घेतला. "कुठं गळतंय ते पाह्यल्याबिगर नाय द्यायचो."

त्यांनी घासायचं चाक उतरवलं, पुन्हा हवा सोडली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. नळी, कपलिंग, कुठंच बुडबुडा येईना. हवा आतून, बाहेर पडायच्या भोकातूनच येत होती.

"बाहेरून गळली तर हवा वाया जाती, बाई. आतून गळली तर मशीन आपलं ऐकत नाय."

बोलता बोलताच, ट्रिगरला कुणाचाही हात नसताना, चाकाचा दांडा हळूच फिरला आणि एकदम भरारा सुटला. मघाशीच, हवा चालू असताना, मी त्या चाकावरची धूळ बोटांनी पुसली होती.

मामांनी हवा बंद करून ग्राइंडर खोलला. ट्रिगरखालच्या झडपेत लोखंडाचा कीस अडकून रबरी रिंग चिरली होती. त्यांनी झडप पुसली, नवी रिंग बसवली, पुन्हा साबणाचं पाणी लावून पाहिलं.

"घे. आता गुमान बसंल."

मामा रिटायर होऊन गावी गेले. गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं वारले. मी पिशोरला गेले, तेव्हा मामींनी मला जवळ बसवून घेतलं.

"तूच का ती ग्राइंडरवाली? त्या दिवशी घरी आले न् जेवलेच नाय. हात लई थरथरत व्हते. भाकरी मोडंना. म्हनले, पोरीची बोटं गेली असती गं."

आमच्यासमोर त्याच हातांनी त्यांनी ती बारीक रिंग एका दमात बसवली होती.