धाकट्या दाजींचा मशवरा

जन्माला येण्यापूर्वी धाकट्या दाजींनी निदान दहा-बारा जणांचा सल्ला घेतला असणार आणि त्यांतल्या कुणीतरी 'जरा थांबा' म्हटलं असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. एरवी थोरल्या भावानंतर अकरा वर्षांनी जगात येण्याचं दुसरं कारण मला दिसत नाही. हे माझ्या ताईचे दीर. ताईच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो, म्हणून हे धाकटे दाजी. माणसं मूळची परभणीकडची, शेतकरी. धाकटे दाजी उर्दूतून शिकले, हैदराबादेत शेतकी खात्यात चिकटले आणि नल्लकुंट्याला थोरला भाऊ, भावजय आणि आई यांच्याबरोबर राहू लागले. वय सव्वीस, पण चिंता साठीच्या माणसाला पुरून उरतील एवढ्या. "मशवरा केल्याबिगर माणसानं पाऊल टाकू नये," हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते ब्रीद बरोबर आहे की नाही, हेसुद्धा ते अधूनमधून लोकांना विचारत.

चार जणांनी चार मतं दिली की धाकटे दाजी परेशान होत, आणि चारही जणांनी एकच मत दिलं की जास्तच परेशान होत, कारण मग या चौघांनी आधी ठरवून ठेवलंय असा त्यांना संशय येई. एकदा ताप आला तेव्हा त्यांनी वैद्याकडून काढा आणला, तो घ्यावा की नाही हे हकीमसाहेबांना विचारलं, हकीमसाहेबांचं चाटण घ्यावं की नाही हे डॉक्टरांना विचारलं, आणि तिन्ही औषधं उशाशी मांडून ते विचार करत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ताप कंटाळून आपणहून गेला. कोट शिवायचा होता तेव्हा मी त्यांना कोठीच्या बाजारात शिंप्याकडे घेऊन गेलो. शिंप्याने निळं कापड काढलं. धाकटे दाजी ते कापड घेऊन समोरच्या शिंप्याकडे गेले आणि "मियाँ, सच बोलो, ये मुझे जँचेगा क्या?" असं त्याला विचारून आले. त्याने अर्थातच राखी कापड दाखवलं. शेवटी दोघांचंही मन मोडू नये म्हणून कोट निळा आणि पँट राखी झाली. या वेषात ते परदेशी गेले आणि त्यांच्याबरोबर मी गेलो.

हे परदेशी जाणं म्हणजे देशोदेशीच्या तरुण शेतकऱ्यांनी डेन्मार्कमधल्या एका शेतकी शाळेत तीन महिने एकत्र राहून काम करायचं, असा कार्यक्रम होता. धाकट्या दाजींची निवड खात्याने केली. इंग्रजी म्हटलं की त्यांना घाम फुटे, म्हणून जोडीला दुभाषा हवा होता, आणि तिथे माझी वर्णी लागली. आम्ही हैदराबादच्याच जामबागेतले पिढीजात वकील. गाईच्या जवळ जाण्याचा प्रसंग आमच्या घराण्यात कुणावर आला नव्हता. पण मी कायद्याचं शिकत होतो आणि इंग्रजी फाडफाड बोलत होतो.

निघण्याच्या आठवड्यातच खात्याचा तो कागद आला. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तुकडे तीन राज्यांना जोडले जाणार होते आणि नोकरदारांनी लिहून द्यायचं होतं: मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जाता, की इथेच आंध्रात राहता? धाकटे दाजी परदेशी जात असल्यामुळे त्यांना कागद तिकडून टपालाने पाठवायची सवलत मिळाली. मुदत दोन महिने. थोरले दाजी शाळामास्तर. ते म्हणाले, "तू जिथं, तिथं आम्ही. घर मोडायचं नाही." त्यांच्या आई म्हणाल्या, "मला काय, चूल मांडायला कुठंबी जागा भेटंल." म्हणजे अख्खं घर त्या एका कागदावर, आणि तो कागद धाकट्या दाजींच्या खिशात! मला तर रात्री झोप येईना. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला ताईने वाढवलं. ताई परभणीला गेली, तर आमच्या घरी वडील, मी आणि कायद्याची पुस्तकं एवढेच उरणार होतो. पण निघताना वडिलांनी मला बजावलं, "ही त्यांच्या घरची बाब आहे. मुलीच्या माहेरच्यांनी तोंड घालायचं नाही. एक अक्षर बोलू नकोस." मी मान डोलावली.

बोटीवर धाकट्या दाजींनी खलाशापासून कप्तानापर्यंत सगळ्यांना समुद्राबद्दल विचारून घेतलं. शाळेत पोचल्यावर मात्र त्यांनी सगळ्या चिंता बाजूला सारून तो कागद बाहेर काढला. पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव आणि गाव सांगायचं होतं. धाकटे दाजी उठले, नाव सांगितलं आणि गावापाशी अडकले. "हैदराबाद म्हणू का परभणी म्हणू? यांना इचार बरं." स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डॅनिश बाईंना वाटलं, यांना जेवण पुरलेलं दिसत नाही, म्हणून त्यांनी घाईघाईने आणखी उकडलेले बटाटे वाढले. त्या दिवसापासून गोठ्यात, शेतात, दूध काढताना, जो भेटेल त्याला धाकटे दाजी हा प्रश्न घालत आणि मी तो इंग्रजीत करून देत असे. साऱ्या जगाला विचारलं, मला मात्र एकदाही नाही.

एक उंचापुरा डच मुलगा होता, सतत हसणारा. त्याने ऐकून घेतलं आणि हात उडवून म्हणाला, "गो! नवं गाव, नवी माणसं, काय भीती आहे?" धाकटे दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "तो म्हणतो, बसली जागा सोडू नये."

हे मी का केलं, मला सांगता येणार नाही. जीभ वळली खरी. आणि एकदा वळल्यावर ती वळतच राहिली. पुढचे तीन आठवडे सगळं जग एकमुखाने धाकट्या दाजींना हैदराबादेत राहायला सांगत होतं. बटाटेवाल्या बाईंनी "आईला विचारा" असं सुचवलं, तेही मी "आईला या वयात हलवू नका" असं करून सांगितलं. वडिलांचा शब्द मोडला नाही, माझ्या तोंडून माझं एक अक्षर गेलं नाही, अशी मी माझ्यापुरती वकिली केली. त्यातच ताईचं पत्र आलं: 'भावजींचं काही ठरलं का रे? आमच्या शेजारच्यांनी बांधाबांध सुरू केली. मी डबे घासून ठेवते आणि परत फळीवर लावते.' मुदतीला बारा दिवस उरले होते आणि टपालाला आठ लागत.

फिनलंडची एक मुलगी गोठ्यात आमच्याबरोबर असे. फार कमी बोलायची. एका सकाळी धाकट्या दाजींनी तिलाही कागद दाखवला. तिने बादली खाली ठेवली, हात पुसले, कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावाची सरहद्द बदलली तेव्हा मी आठ वर्षांची होते. संध्याकाळी हुकूम आला, सकाळी गाई पुढे घालून आम्ही चालत निघालो. आता तिथे दुसरा देश आहे. आम्हाला कुणी असा कागद दिला नाही. दिला असता तर माझ्या आजोबांनी आमच्या शेताचं नाव लिहिलं असतं."

तिचं वाक्य फिरवायला एवढासा वेळ पुरला असता. तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभ वळेना. मी शब्दाला शब्द खरं सांगितलं.

धाकट्या दाजींनी कागद परत घेतला. मग म्हणाले, "शेतात तवा काय उभं होतं, इचार तिला."

मी विचारलं. ती म्हणाली, "जव."

"आमच्याकडं ज्वारी," धाकटे दाजी म्हणाले. कागद घेऊन ते खोलीत गेले, दार लावलं, आणि थोड्या वेळाने कुणाचीतरी सायकल घेऊन एकटेच टपालकचेरीकडे निघाले. रस्ता कुणाला विचारला नाही, की पाकिटावर तिकीट किती लावायचं हे विचारलं नाही. मी फाटकाशी उभा होतो. काय लिहिलं हे मी विचारायला हवं होतं, पण मला ऐकवलं नसतं. त्या माणसाला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा निश्चिंत बघून चिंता माझ्या वाट्याला आली.

आम्ही गेलो तेव्हा हैदराबाद राज्य होतं. परतलो तेव्हा नव्हतं. धाकट्या दाजींची परभणीला नेमणूक झाली, आणि एका सकाळी काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर ताईचे डबे, पाटा-वरवंटा, आणि धाकट्या दाजींच्या आई, सगळं गाडीत चढलं. वडील दोन्ही हात जोडून उभे होते. धाकट्या दाजींनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "त्या डच पोरानं 'गो' म्हटलं होतं. तेवढं इंग्रजी मला बी येतं रे."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? मशवरा तुझाच मागत होतो मी. सरळ तुला इचारलं असतं तर वकीलसाहेबांच्या पोरानं तोंड उघडलं असतं का? म्हणून जगाला इचारत बसलो. म्हटलं, कवातरी तू आपल्या तोंडानं सांगशील." मग म्हणाले, "नक्को म्हटलं असतंस तर मी कागदावर काय लिहिलं असतं, काय की बाबा. पण म्हणायचं तर होतंस."

गार्डाने शिट्टी दिली. वडील दोन हातांच्या अंतरावर उभे होते, निरोपाला आलेले शेजारीपाजारी होते, कुणाचंही मला भान राहिलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "नका जाऊ हो, धाकटे दाजी. ताईला नेऊ नका."

वडिलांनी मान दुसरीकडे वळवली. आत ताईने पदर डोळ्यांना लावला. धाकट्या दाजींनी माझा दंड सोडला नाही; गाडी हलली तरी चार पावलं मी तसाच तिच्याबरोबर चालत गेलो.

"हां," ते म्हणाले, "आता बरं वाटलं."