एका ओळीचा निकाल

बसस्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. माइक बिघडला तरी तिचं अडत नसे. बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि आपली गाडी पकडायचा. अशी ही बाई पुटपुटायला लागली ती लेकीच्या ताब्याचा निकाल लागल्यावर.

निकाल कसला, एक ओळ. दोन्ही बाजू ऐकल्या, मुलीचा ताबा वडिलांकडे देण्यात येत आहे. संपलं. पाच वर्षांची पोर दुसऱ्या गावी गेली. वकील म्हणाले, "कारणच दिलेलं नाही. अपील करू." पण हिला धीर होईना. एवढ्या शिकलेल्या न्यायाधीशाला आपल्यात काहीतरी दिसलं असणार, असं तिच्या मनानं घेतलं, आणि ते 'काहीतरी' तिच्या मानगुटीवर बसलं. साक्ष देताना आवाज चढला होता, म्हणून? तिनं पुकारायचं काम सोडलं आणि तिकीट खिडकीत जाऊन बसली. पोरीनं चपला उलट्या घातलेल्या बघून भर कोर्टात हसू फुटलं होतं, म्हणून? तिनं हसणं सोडलं. भांडी घासताना, केस विंचरताना एखादं नवं कारण पाठीमागे येऊन उभं राही. घरात एकटी असली तरी पेला हळूच ठेवायची, कुणी बघत असल्यासारखी. चूक कळली तर माणूस एकदा रडून मोकळा होतो. हिला तीही सोय नव्हती.

लेक सुट्टीत यायची, पाहुणीसारखी. मोठी झाली, लग्न झालं. तिला दिवस गेले तेव्हा एकदा फोनवर म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. तू तेव्हा असं काय केलं होतंस गं?"

"विचारून सांगते," एवढंच बाई म्हणाली.

न्यायाधीश केव्हाच निवृत्त झाले होते. म्हातारे, सभ्य. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. निकालाची नक्कल वाचली, मग कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सही माझीच," ते म्हणाले. "पण बाई, खरंच आठवत नाही. सबळ कारण असणारच, त्याशिवाय मी असं करणार नाही. तुमची रात्रपाळी असायची का? घर लहान होतं? मुलीला आत बोलावून विचारलंही असेल मी. तीच काही बोलली असेल."

रात्रपाळीचं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि पोर बोलली असेल, हे तर स्वप्नातही नाही. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब, अंदाज नका देऊ. अंदाज माझ्याकडे रग्गड आहेत."

म्हाताऱ्यानं नक्कल घडी घालून तिच्यापुढे ठेवली. "लिहायला हवं होतं मी," तो म्हणाला. "तेव्हा मला माहीत होतं."

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"भेटले मी त्यांना," बाई म्हणाली. "त्यांनाच आठवत नाही."

"असं कसं आई? एवढी मोठी गोष्ट. कुणाचं तरी काहीतरी चुकलं असेलच ना?"

तू काही बोलली होतीस का गं तेव्हा, हे बाईच्या अगदी ओठांवर आलं. पलीकडे लेक वाट बघत होती.

"हो," बाई म्हणाली. "माझंच चुकलं होतं."