हाताशी ठेवलेले डबे

चूक माझी होती, आणि ती मी मोठ्या हौसेने केली. बायकोचं गर्भाशय काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "घरी वाकणं नको, हात उंच करणं नको, वजन तर मुळीच नको." मी रजा टाकली आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर उपसलं. वरच्या फळीवरचे डबे, खालच्या ट्रॉलीतली पातेली, सगळं ओट्यावर मांडलं. मार्केट यार्डातून आणलेले तांदूळ पिंपातून लहान डब्यांत भरले. बहिणीला फोटोही पाठवला.

दवाखान्यातून आल्यावर ती पोट धरून ओट्यापाशी उभी राहिली.

"वा! अहो, पोळपाटसुद्धा काढून ठेवलात. म्हणजे उद्यापासून मी कामावर."

"तसं नाही गं. तुला काही लागलं तर हाताशी असावं."

"मला झोप लागेल. महिनाभर डबा लावू या का?"

"त्या डब्यातल्या भाज्यांना चव नसते," मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. आधी वरण-भात सुरू झाला, मग पोळ्या. मी शेजारी उभा राहून ताटं पुसायचो आणि आपण मदत करतोय असं समजायचो. एका सकाळी भरलेला कुकर उतरवताना ती कळवळून खाली बसली. पोटातली शिवण सुटली होती.

"वजन उचललंत का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"छे हो. सगळं हाताशीच होतं."

मी तिच्या शेजारी उभा राहून फाइलमधले कागद सरळ करत होतो.

नंतर हर्निया झाला म्हणून पोटात आधाराची जाळी बसवली, तीही टिकली नाही. आता पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही म्हणतात. पोटाला पट्टा बांधून ती भिंतीच्या आधाराने चालते. तक्रार करत नाही. केली असती तर बरं झालं असतं.

परवा मी सगळे डबे परत वरच्या फळीवर चढवले. ती पलंगावरून बघत होती.

"एवढ्या वर? माझा हात कसा पोचणार?"

"पोचू नये म्हणूनच."

"आता त्याने काय होणार आहे?"

"काही नाही," मी म्हणालो आणि तिच्या पायाशी बसलो. "तेव्हा ते स्वयंपाकघर मी तुझ्यासाठी लावलंच नव्हतं. मला गरम पोळी हवी होती. डॉक्टरांपुढेही तुलाच खोटं बोलू दिलं. मला माफ कर."