उंबऱ्याजवळची सुटी फरशी

अक्का गेल्याचा फोन धुळ्याहून शेजारच्या युसूफभाईंनी केला, तेव्हा मी जळगावला, मेहरूण भागातल्या माझ्या घरी चहा पीत बसलो होतो. तिला भेटायला या शनिवारी जावं की पुढच्या, याचा विचार चालला होता. असे विचार मला फार छान जमतात. अक्का, माझी थोरली बहीण, मला 'बघूभाऊ' म्हणायची. काहीही विचारा, माझं उत्तर एकच... बघू.

वडिलांमागे धुळ्याच्या घरात ती एकटीच राहिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ एक शहाबादी फरशी सुटली होती. पाय पडला की टक् वाजायची. त्या आवाजावरून अक्का पाठमोरीच माणूस ओळखायची. "आला का रे बघूभाऊ? चपला बाहेर काढ आधी!" गेल्या दिवाळीत म्हणाली, "एवढी बसवून दे रे. हातात पातेलं असलं की ठेचकाळते." मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "घर विकायचंच आहे ना, मग दुरुस्ती कशाला?" एरवी ती माझ्याशी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायची, चिडली की खान्देशी. "जवय इकशी तवय इकशी. आते मी शे ना आठे?" विकशील तेव्हा विकशील, आत्ता मी इथं आहे ना, हे तिचं म्हणणं ऐकून मी हसलो. तेही मला छान जमतं.

ती गेली हृदयविकारानं. फरशीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी लोकांनी विचारायच्या आधीच सांगतो.

महिन्याभरानं दलाल घर बघून गेला. "फरशी बसवा, रंग मारा, गिऱ्हाईक पाहताक्षणी हो म्हणेल." मला पटलंही. युसूफभाई गवंडीकाम करतात, म्हणून त्यांनाच बोलावलं. घमेलं, थापी घेऊन आले, फरशीपाशी उकिडवे बसले. "अर्ध्या तासाचं काम आहे, भाऊ. मी अक्कांना बोललो होतो, पैसा-वैसा राहू द्या, बसवून देतो. तर म्हणाल्या, घर विकायचं आहे, भाऊला विचारल्याशिवाय हात नको लावू."

तिनं विचारलं होतं... मलाच.

तिच्यासाठी जे केलं नाही, ते आता कुणा अनोळखी गिऱ्हाइकासाठी करायचं? आणि नाही करावं, तर उद्या त्या घरची बाई पातेलं घेऊन ठेचकाळणार.

"काढू का?" छिन्नी फटीत धरून युसूफभाईंनी विचारलं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. टक्. पायात चपला होत्या. आतून कुणी ओरडलं नाही.

युसूफभाई हातोडी उचलून माझ्याकडे बघत होते.

"बघू," मी म्हणालो.