बाहेरून आणलेला निळा मासा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. सांगण्याइतके ते मोठे आहे की नाही, हे ठरवण्यातच सहा वर्षे गेली — आणि आता वाटते, ठरवणे मी मुद्दाम लांबवत होतो. ही माशांची गोष्ट आहे, असे मी स्वतःची समजूत घालत आलो. मासे मरतात. हौशी माणसाच्या टाकीत तर मरतातच. मग त्यात कबूल करण्यासारखे काय?

मी लातूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. वय पंचावन्न. मी आवाज चढवून बोलल्याचे कोणाला आठवणार नाही. हे प्रौढीने सांगत नाही. हळू बोलणाऱ्या माणसाचे खोटे अधिक सहज खपते, हे मला अनुभवाने कळले आहे, म्हणून सांगतो.

माझ्या घरी समुद्राची टाकी होती. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तेथे शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचे समुद्री मीठ कालवून तीनशे लिटर समुद्र तयार करायचा आणि त्यात प्रवाळ वाढवायचे — शेजाऱ्यांना हे वेड वाटे. मलाही थोडी लाज वाटे. पण लाजेपेक्षा अभिमान अधिक होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात प्रवाळांची टाकी राखणारे आम्ही मोजके लोक. त्या मोजक्यांच्या व्हॉट्सॲप गटात मला 'सर' म्हणत. माझा शब्द शेवटचा असे.

टाकी बांधून दिली नांदेडच्या मुनीरभाईंनी. त्यांचे घराणे काचकामाचे — आरसे, तसबिरींच्या चौकटी, दुकानांची कपाटे. मुनीरभाईंनी त्याला माशांच्या टाक्यांची जोड दिली, आणि टाक्या बांधता बांधता त्यांना समुद्री माशांचा नाद लागला. शाळा सातवीपर्यंतची. पण आपल्या टाकीत त्यांनी क्लाउनफिशची एक जोडी अंडी घालण्यापर्यंत आणली होती. कौलाच्या एका तुकड्यावर ती जोडी अंडी घाली आणि मुनीरभाई दुकानात येणाऱ्याला आधी ते कौल दाखवत, मग चहा सांगत.

ते फक्त टाकीत जन्मलेले मासे विकत. समुद्रातून जाळ्याने धरून आणलेला मासा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. असा मासा दाणे खात नाही, घाबरलेला असतो आणि येताना कोणता रोग घेऊन येईल याचा नेम नसतो. शिवाय टाकीत जन्मलेला नवा मासाही ते महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवत आणि मगच विकायला काढत. विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची अशी उलटतपासणी घेत की सोयरीक जुळवायला बसल्यासारखे वाटे.

“सर, घरात अगोदर कोन कोन हाय ते सांगा,” असे ते मला म्हणाले होते. “मंग पाहू, पोरगी द्यायची का न्हाई.”

दुकानात बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. पण ते गंमत करत नव्हते. माझ्या टाकीत कोणत्या कोपऱ्यात किती दगड आहेत, लपायला जागा किती, प्रवाह कोणत्या बाजूने येतो — सारे विचारून त्यांनी मला मासे निवडून दिले. लाजाळू आधी: दोन बांगाई कार्डिनल, मग एक निऑन गोबी. ते स्थिरावल्यावर क्लाउनफिशची जोडी, त्यांच्या स्वतःच्या कौलावर जन्मलेली. आणि सर्वांत शेवटी जांभळा डॉटीबॅक. तो आधी नेला तर टाकी आपल्या बापाची समजतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक माशासाठी मला महिनाभर थांबवले. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. पुस्तकांत हे सगळे वाचलेले होते. पण निवड त्यांची होती. सात महिने त्या टाकीत एकही मासा दगावला नाही, एकाचेही पर फाटले नाहीत. लोक येऊन पाहत आणि मला विचारत — सर, कसे जमवले? मी म्हणे, अभ्यास करावा लागतो.

हे पहिले खोटे. लहान होते, म्हणून ते तेव्हा लक्षातही आले नाही.

मग गटातल्या मंडळींनी एका रविवारी माझी टाकी पाहायला येण्याचे ठरवले. लातूरचे चौघे, नांदेडचे दोघे, उदगीरचे एक. त्यांना आधी पाहिलेलेच मासे दाखवायचे? मला वाटले, काहीतरी एक असे हवे की माणूस दारातच थबकेल. त्याच आठवड्यात मी मुंबईला परिसंवादासाठी गेलो होतो. तेथे एका व्यापाऱ्याकडे पावडर ब्लू टँग पाहिला. फिकट निळे अंग, पाठीवर पिवळी रेघ. समुद्रातून धरलेला — व्यापाऱ्याने तसे लपवलेही नाही, कारण मी विचारलेच नाही. माझ्या टाकीला तो मोठाच पडला असता. आणि या जातीच्या माशाबरोबर हमखास रोग येतो, हे मी स्वतः गटात दोनदा लिहिले होते. तरी घेतला. प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने लातूरला आणला.

महिनाभर वेगळा ठेवायला हवा होता. रविवार तीन दिवसांवर होता. मी त्याला गुरुवारी सकाळी थेट टाकीत सोडले. पत्नी तेव्हा निलंग्याला भावाकडे गेली होती. म्हणजे तो मासा माझ्याशिवाय कोणीही पाहिला नाही. ही गोष्ट तेव्हा महत्त्वाची नव्हती. दोन दिवसांत ती महत्त्वाची झाली.

शनिवारी सकाळी टँग तळाशी पडलेला होता. बाकीचे मासे पृष्ठभागापाशी येऊन धापा टाकत होते. क्लाउनफिशच्या अंगावर पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसत होती. मी मेलेला मासा डब्यात घालून महाविद्यालयात नेला. सुटी होती, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. कल्ल्याचा तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मखमली रोगाचे परजीवी — गोल, दाट, एकाला एक लागून. शंकेला जागाच नव्हती. मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. विद्यार्थ्यांना दाखवावा इतका स्वच्छ नमुना होता तो.

मग मी ती काचपट्टी धुतली. पुसली. जागेवर ठेवली. मासा महाविद्यालयाच्या मागे पुरला.

येथपर्यंत मी केवळ चुकलो होतो, असे म्हणता येईल का? मला तसे म्हणायचे नाही. काचपट्टी धुताना माझ्या मनात काय चालले होते ते मला स्पष्ट आठवते.

रविवारी मंडळी आली तेव्हा टाकीत चार मासे मेलेले होते आणि गोबी एका दगडाला टेकून कसाबसा श्वास घेत होता. उदगीरचे गृहस्थ मला म्हणाले की, सर, तुमच्याकडे असे कसे झाले? प्रश्नात सहानुभूती होती. पण मला त्यात 'तुमच्याकडे' एवढेच ऐकू आले. मी म्हणालो की, टाकीत जन्मलेले म्हणून दिलेले मासे प्रत्येक वेळी तसे असतातच असे नाही.

एवढेच. मुनीरभाईंचे नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती. मासे कोठून आणले हे प्रत्येकाला माहीत होते. नांदेडच्या एकाने 'अरेरे' म्हटले. दुसरा म्हणाला की, तरी म्हटले, एवढा साधा माणूस अंडी-बिंडी कशी काढतो. मी ते खोडून काढले नाही. सात महिने निरोगी राहिलेले मासे एकाएकी रोग कोठून आणतील, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीही विचारू शकला असता. कोणी विचारला नाही. सर बोलले होते. पुढे आठवड्याभरात मी गटात एक सविस्तर टिपण लिहिले — मासे निवडताना घ्यायची काळजी. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, हे त्यातले पहिले कलम.

तीन-चार दिवसांनी मुनीरभाईंचा फोन आला. त्यांच्या कानांवर सर्व गेले होते. ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती; चिडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी आधी पत्नीची प्रकृती विचारली. मग म्हणाले,

“सर, एकच इचारतो. माझे मासे सोडून दुसरं कोन आलतं का त्या टाकीत?”

“नाही,” मी म्हणालो.

पलीकडे दुकानात काच कापल्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

“मंग माझ्याच पान्यात कायतरी असंल. तुम्ही शिकलेले मानसं हाव. तुम्ही म्हनता तर असंलच.”

मला आजही जे कळत नाही ते हे नाही की मी 'नाही' का म्हणालो. ते मला नीट कळते. मला कळत नाही ते असे, की त्यांनी माझ्यावर इतका विश्वास कसा ठेवला. स्वतःच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या पाण्यावर त्यांनी माझ्या एका शब्दासाठी संशय घेतला. दुकानातल्या सगळ्या समुद्री टाक्यांत त्यांनी परजीवी मारणारे तांब्याचे औषध घातले. त्या औषधाने प्रवाळ जगत नाहीत, कौलावरच्या अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लेही जगली नाहीत. जोडी वाचली. ती त्यांनी हैदराबादच्या एका माणसाला देऊन टाकली. कारण काय, तर आपल्या घरात रोग आहे आणि आपल्याला तो दिसत नाही, तर आपण जीव पाळू नयेत. हे मला गटातल्या कोणीतरी हसत सांगितले. गटातले कोणी त्यानंतर त्यांच्याकडे गेले नाही. आता ते पुन्हा आरसे आणि चौकटीच करतात.

मासे मी मारले. ते कसे मेले ते मी पाहिले, ओळखले आणि धुऊन टाकले. आणि ज्याने ते जपून वाढवले होते त्याला, ते त्यानेच मारले, असे पटवून दिले. याहून सरळ शब्दांत मला लिहिता येत नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा टाकी भरली. या वेळी नियम पाळले — मुनीरभाईंचे.

गेल्या महिन्यात धर्माबादचे एक मिरचीचे अडते माझ्याकडे आले. त्यांना घरी प्रवाळांची टाकी करायची होती. काच मुनीरभाईंकडून घेतली होती. माशांचे विचारल्यावर मुनीरभाईंनी त्यांना माझा पत्ता दिला. आपल्याला त्यातले कळत नाही, लातूरच्या सरांना विचारा, असे म्हणाले म्हणे. मी त्या गृहस्थांना सारे सांगितले. टाकीत जन्मलेलेच घ्या, लाजाळू आधी, तापट शेवटी, नवा आला की महिनाभर वेगळा ठेवा. मधे एकदा मी त्यांना विचारले की, टाकीत आधी कोण कोण असणार आहे. ते वहीत लिहून घेत होते. हे माझे नाही, हे सांगायला तेथे भरपूर जागा होती.

निघताना त्यांनी वही मिटली आणि जरा संकोचून म्हणाले,

“सर, मुनीरभाईच्या माशांत खरंच रोग होता का हो? मानूस तर लई सरळ वाटला.”

घरात आम्ही दोघेच होतो. त्यांना घाई नव्हती, मलाही नव्हती. मी म्हणालो की, आता ती जुनी गोष्ट झाली.

त्यांनी मान हलवली. मी बोलायचे टाळतो आहे हे त्यांना कळले होते, आणि त्याचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला.

“हे बरं हाय सर तुमचं,” ते म्हणाले. “एवढं नुकसान झालं, तरी कोनाचं नाव खराब करत न्हाई तुम्ही.”

मी ते ऐकून घेतले, आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.