सुकाणू

‘दाहिने मुड’ म्हटलं की आमची सगळी तुकडी उजवीकडे वळायची आणि सारसोळ्याचा सुकाणू डावीकडे. शेजारच्या जवानाच्या नाकाला त्याचं नाक भिडायचं.

हे नाव त्याला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलं. चुकण्याचं कारण त्यानेच सांगितलं होतं. “उस्ताद, होडीचा सुकानू डावीकडं दाबला का होडी उजवीकडं वलते. लहानपनापासून हातानं तेच केलंय.” उस्ताद ओरडले, “यहाँ समंदर नहीं है, सुकानू!”

सैन्यात भरती होऊन त्या प्रशिक्षण केंद्रावर पोचलेले नवी मुंबईचे आम्ही दोघेच. तो खाडीवरचा, मी कामोठ्याच्या फ्लॅटमधला. माझं बालपण बाबांच्या मोर्चांची पत्रकं वाटण्यात गेलेलं. त्यामुळे एकाच्या चुकीचा रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, सगळ्यांना, हा तिथला नियम मला पहिल्या दिवसापासून खुपला. सुकाणू चुकला की सगळ्यांच्या बेडूकउड्या. एकदा मी रांगेतूनच म्हणालो, “उस्ताद, हा अन्याय आहे!” उस्ताद म्हणाले, “शाबाश! पूरी तुकडी, एक चक्कर और!”

बॅरेकमध्ये बूट घासता घासता सुकाणू म्हणाला, “कामोठे, भाषन बास कर रं. तुझ्या एका वाक्याला आमाला एक चक्कर परते.”

कवायतीची शेवटची परीक्षा जवळ आली तसा तो जेवेनासा झाला. नापास झाला असता तर त्याला मागच्या तुकडीत ढकललं असतं आणि आमच्याबरोबरची शपथेची परेड हुकली असती. त्या परेडसाठी त्याची आई येणार होती. नेरूळच्या बाजारात मासे विकणारी ती बाई पनवेलच्या पुढे कधी गेली नव्हती.

रविवारी कपडे वाळत घालायच्या जागेमागे मी हुकूम द्यायचो, तो चुकायचा. एकदा तो मधेच थांबला. “मीच होडी झालो तर? सुकानू उस्तादांच्या हातात.”

मी भडकलो. “माणसाने आपलं सुकाणू असं दुसऱ्याच्या हातात द्यायचं?”

“परेडपुरता देतो रं. बाकी माझाच हाय.”

तो पास झाला. माझ्या नडगीचं हाड मात्र धावून धावून तडकलं होतं. त्याच्या शपथेला मी कुबड्यांवर, त्याच्या आईशेजारी उभा होतो. तुकडी उजवीकडे वळली, तोही वळला. “वललं पोर,” ती पुटपुटली. नंतर मला सैन्यातून कमी करून घरी पाठवलं. आता मी पत्रकं लिहितो.

परवा तो सुट्टीवर आला होता. सारसोळ्याच्या धक्क्यावरून त्याने मला होडीत घेतलं आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. “दाहिने मुड!” त्याने हुकूम सोडला. मी ते उजवीकडे दाबलं. होडी डावीकडे वळून थेट खारफुटीत घुसली.

“चुकला! रगडा!” तो ओरडला. मी चिखलाने भरलेल्या फळीवर हात टेकून दंड काढायला लागलो. पाहतो तर तोही शेजारी वाकलेला.

“तू कशाला?”

“तुकडी हाय ना आपली.”

तो नियम अन्यायाचाच होता, हे मी आजही लिहीन. पण त्या दिवशी तो नियम कुणी आमच्यावर लादला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो सीमेवर परत गेला. माझ्या तळहातांना खाडीच्या चिखलाचा वास अजून येतो.